फाइलचं लॉक कुणाच्या नावावर?

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न जोडले आहेत.)

आज एका छोट्याशा रकान्याबद्दल बोलायचंय. एखाद्या प्रोग्रामनं फाइलवर लॉक लावलं की ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये त्याची नोंद होते. कुठली फाइल, कितव्या बाइटपासून कितव्या बाइटपर्यंत, लॉक वाचण्यासाठीचं की लिहिण्यासाठीचं, हे त्या नोंदीत असतं. आणि एक रकाना मालकाचा असतो. हे लॉक कुणाचं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ते तुम्हाला तपासून बघता येईल. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकानं सांगितलं की लॉकची मालक असते प्रोसेस. ऐकायला हे सरळ वाटतं. पण लॉक मागतो तो कोडचा एक तुकडा, आणि मालकी जाते आख्ख्या प्रोसेसच्या नावावर. या फरकातून गेली तीसेक वर्षं त्रास निघतोय. आणि त्याहून गमतीची गोष्ट अशी, की आजचा लिनक्स कर्नल मालक म्हणून प्रोसेस लिहीतच नाही. तो दुसऱ्याच एका वस्तूचा पत्ता लिहितो आणि प्रोसेसचा क्रमांक शेजारी पाटीसारखा लावून ठेवतो. आपण पाटी वाचतो आणि मालक कळला असं समजतो.

मालकाचा रकाना काय काम करतो?

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. आपण ज्या लॉकबद्दल बोलतोय ते सल्ल्याचं लॉक आहे. ते कुणाचा हात धरत नाही. सगळ्यांनी आधी लॉक मागायचं आणि मगच लिहायचं, असा करार आहे. ज्यानं करार पाळला नाही, तो फाइलवर खुशाल लिहू शकतो. सक्तीचं लॉक लिनक्समध्ये एके काळी होतं, पण कुणी फारसं वापरत नव्हतं आणि २०२१ साली ५.१५ आवृत्तीत ते काढून टाकलं. तेव्हा उरला फक्त करार. आणि करार म्हटलं की पहिला प्रश्न येतो, करारातला पक्ष कोण?

मालकाच्या रकान्यावर तीन कामं अवलंबून असतात. पहिलं काम ओळखीचं. नवं लॉक मागितलं गेलं आणि त्याच जागेवर आधीच एक लॉक आहे. दोघांचा मालक एकच असेल तर भांडण नाही, वेगळा असेल तर थांबा. दुसरं काम सुटकेचं. लॉक लावणारा मेला, किंवा विसरला, तर ते लॉक कधी काढायचं? तिसरं काम जबाबदारीचं. मी अडकून बसलोय तर मला कुणी अडवलंय? आणि मी ज्याच्यासाठी थांबलोय तो माझ्यासाठीच थांबलेला नाही ना?

ही तीन कामं एकाच रकान्यानं करावीत अशी अपेक्षा आहे. चांगला मालक निवडायचा म्हणजे तिन्ही कामं नीट करणारा निवडायचा. आता या कसोटीवर एकेक उमेदवार बघू.

उमेदवार कोणकोण आहेत?

युनिक्समध्ये फाइल उघडली की तीन पातळ्यांवर गोष्टी घडतात, आणि इथे नावांचा घोळ होतो म्हणून जरा सावकाश जाऊ. सगळ्यात खाली इनोड, म्हणजे डिस्कवरची खरी फाइल. त्याच्यावर, प्रत्येक वेळी ओपन केलं की कर्नल एक नोंद बनवतो. या नोंदीत आपण फाइलमध्ये कुठपर्यंत वाचत आलो ती जागा असते. तिचं अधिकृत नाव ओपन फाइल डिस्क्रिप्शन. आणि सगळ्यात वर प्रोसेसच्या हातात असतो एक साधा आकडा, ३, ४, ५ असा. तो फाइल डिस्क्रिप्टर. डिस्क्रिप्टर आणि डिस्क्रिप्शन ही नावं इतकी जवळची आहेत की भलेभले गोंधळतात. आपण आज मधल्या गोष्टीला नुसतं ‘ओपन-नोंद’ म्हणू.

आता हे लक्षात ठेवा. एकच फाइल दोनदा ओपन केली तर दोन ओपन-नोंदी. पण ओपन एकदा केलं आणि डिस्क्रिप्टरची डूप कॉलनं नक्कल काढली, तर आकडे दोन आणि ओपन-नोंद एकच. फोर्क करून मूल प्रोसेस जन्माला घातली, तर तिलाही तेच आकडे मिळतात आणि ते त्याच ओपन-नोंदीकडे बोट दाखवतात. म्हणजे एक ओपन-नोंद दोन प्रोसेसमध्ये वाटलेली असू शकते.

तर मालकीचे दोन मुख्य उमेदवार झाले: प्रोसेस आणि ओपन-नोंद.

१९८३च्या ४.२ बीएसडीनं फ्लॉक नावाचा कॉल आणला आणि ओपन-नोंदीला मालक केलं. तिकडे सिस्टिम फाइव्हच्या घराण्यात एफसीएनटीएल या कॉलमधून बाइटांच्या पट्ट्यांवर लॉक लावायची सोय आली आणि तिथे प्रोसेस मालक झाली. १९८८च्या पॉझिक्सनं हा दुसरा मार्ग मानकात घेतला. बाइटांची पट्टी लॉक करता येणं ही मोठी सोय होती. फ्लॉक पूर्ण फाइलच धरतो, डेटाबेसवाल्याला तेवढ्यानं भागत नाही. पण सोयीबरोबर मालकीची कल्पनाही आली, आणि तिथे घोटाळा झाला.

प्रोसेस मालक असली की काय होतं?

पॉझिक्सच्या नियमातून दोन परिणाम निघतात. पहिला, एकाच प्रोसेसची दोन लॉकं एकमेकांशी कधीच भांडत नाहीत. नवं लॉक जुन्याच्या जागी गुपचूप बसतं. दोन थ्रेड एकाच फाइलच्या एकाच तुकड्यावर लिहायला निघाले, दोघांनीही इमानदारीत लॉक मागितलं, तर कर्नल दोघांनाही ‘हो’ म्हणतो. त्याच्या दृष्टीनं मागणारा एकच आहे ना!

दुसरा परिणाम जास्त वाईट. प्रोसेसनं त्या फाइलचा कुठलाही डिस्क्रिप्टर बंद केला की तिची त्या फाइलवरची सगळी लॉकं सुटतात. ज्या डिस्क्रिप्टरवर लॉक लावलं तोच बंद व्हायला हवा असं नाही. कुठलाही.

उदाहरण घ्या. हिशेबाचा एक प्रोग्राम आहे. त्यानं खात्याची फाइल उघडली, लिहिण्याचं लॉक घेतलं आणि नोंदी करायला बसला. मध्येच त्यानं बॅकअपच्या एका लायब्ररीला हाक मारली. लायब्ररीनं तीच फाइल वाचण्यासाठी उघडली, चेकसम काढला आणि सभ्यपणे बंद केली. लॉक गेलं. एरर नाही, इशारा नाही. लायब्ररीनं लॉकला हातही लावला नव्हता, तिला लॉक आहे हेच माहीत नव्हतं. प्रोग्राम लिहीतच राहिला आणि दरम्यान दुसऱ्या प्रोसेसला तेच लॉक मिळालं. आता दोघेही लिहितायत. दोघांनीही करार तंतोतंत पाळलाय. खातं मात्र बिघडलं.

ही कल्पनेतली भीती नाही. एसक्यूलाइट घ्या, तुमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते आहे. युनिक्सवर ते पॉझिक्सचीच लॉकं वापरतं, आणि या नियमाला वळसा घालायला त्यांनी बराच कोड लिहिलाय. प्रोसेसमध्ये प्रत्येक इनोडमागे एक सामाईक नोंद ठेवायची, त्या फाइलवर आपल्या किती कनेक्शनची लॉकं आहेत ते मोजायचं, आणि एखादं कनेक्शन बंद झालं तरी डिस्क्रिप्टर लगेच बंद करायचा नाही. बाकीची लॉकं सुटेपर्यंत तो नुसता बाजूला ठेवून द्यायचा. म्हणजे कर्नलनं ठेवायला हवा होता तो मालकीचा हिशेब प्रोग्रामनं ठेवायचा. आणि तरी भोक उरतंच. एकाच ॲपमध्ये एसक्यूलाइटच्या दोन प्रती जोडल्या गेल्या, एक तुमची आणि एक कुठल्या तरी लायब्ररीच्या पोटातली, तर दोन प्रतींचे दोन हिशेब होतात आणि एकीचं क्लोज दुसरीचं लॉक उडवतं. डेटाबेस कसा बिघडू शकतो याची यादी एसक्यूलाइटवाल्यांनीच दिलीय, तिच्यात हे कारण आहे.

सॅम्बाची तीच कथा. विंडोजच्या लॉकांचे नियम उघडलेल्या हँडलला बांधलेले असतात. ते पॉझिक्सवर बसवायचे म्हणून सॅम्बालाही फाइल बंद करणं लांबणीवर टाकावं लागतं. आणि गनेशासारखा एनएफएस सर्व्हर, जो एकाच प्रोसेसमधून अनेक क्लायंटना सेवा देतो, त्याच्या दृष्टीनं तर नियम निरुपयोगीच. क्लायंट शंभर, पण कर्नलला दिसणारा मालक एक.

आता न्यायानं बोलायचं तर १९८८ साली हा निर्णय इतका विचित्र नव्हता. पॉझिक्सचे थ्रेड १९९५मध्ये आले. त्याआधी प्रोसेस म्हणजे कोडची एकच वाट. प्रोसेस मेली की तिचे डिस्क्रिप्टर बंद होतात आणि लॉकं आपोआप सुटतात, म्हणजे सुटकेचं काम सोपं. अडवणाऱ्याचा क्रमांक विचारून सांगता येतो, म्हणजे जबाबदारीचं काम सोपं. आपल्या तीन कसोट्यांपैकी दोन पास. पण क्लोजचा नियम मात्र थ्रेड नसतानाही वाईटच होता, कारण लायब्ररी तेव्हाही होत्या. एका तुकड्यानं लावलेलं लॉक दुसऱ्या अनभिज्ञ तुकड्याच्या हातून सुटू शकतं, ही चूक काळाच्या नावावर खपवता येत नाही.

कर्नल खरंच कुणाचं नाव लिहितो?

आता लिनक्सच्या आत जाऊ. लॉकचा कोड एफएस या डिरेक्टरीतल्या लॉक्स-डॉट-सी या फाइलमध्ये आहे. प्रत्येक लॉकच्या नोंदीत दोन रकाने आहेत. एक एफएलसी-ओनर, म्हणजे मालक. दुसरा एफएलसी-पिड, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. दोन लॉकांचा मालक एकच आहे का हे ठरवताना आजचा कर्नल फक्त पहिला रकाना बघतो. दुसरा बघतच नाही.

आणि पहिल्या रकान्यात काय असतं? पॉझिक्स लॉक असेल तर प्रोसेसच्या डिस्क्रिप्टरांच्या टेबलाचा पत्ता. म्हणजे ३, ४, ५ हे आकडे ज्या टेबलात आहेत ते टेबल. मानक म्हणतं प्रोसेस, कर्नल लिहितो टेबल.

तुम्ही म्हणाल, एका प्रोसेसला एकच टेबल, मग फरक काय पडतो? बहुतेक वेळा पडत नाही. थ्रेड सगळे एकच टेबल वापरतात, म्हणून ते एकच मालक दिसतात आणि मानक पाळलं जातं. पण लिनक्समध्ये क्लोन कॉलनं दोन वेगळ्या प्रोसेस एकच टेबल वाटून घेऊ शकतात. क्रमांक वेगळे, टेबल एक. लॉकच्या दृष्टीनं मालक एक. आणि उलटंही होतं: प्रोसेस तीच राहते, टेबल मात्र बदलतं. त्यानं काय झालं ते ऐका.

एक्झेक कॉल केला की प्रोसेस तीच राहते, क्रमांक तोच राहतो, आतला प्रोग्राम बदलतो. मानक सांगतं की एक्झेकनंतर लॉकं टिकली पाहिजेत. पण अनेक थ्रेड असलेल्या प्रोसेसनं एक्झेक केलं की कर्नल सुरुवातीलाच डिस्क्रिप्टरांच्या टेबलाची वेगळी प्रत करायचा, कारण जुनं टेबल बाकीचे थ्रेडही वापरत असतात. नवं टेबल म्हणजे नवा पत्ता. लॉकवर मालक म्हणून जुना पत्ता. बाकीचे थ्रेड संपले, जुनं टेबल मोडलं, त्यातले डिस्क्रिप्टर बंद झाले आणि त्याबरोबर लॉकंही गेली. प्रोसेस जिवंत, क्रमांक तोच, लॉक गायब.

कर्नलच्या लोकांना हे माहीत नव्हतं असं नाही. २.६ मालिकेत यासाठी एक फंक्शन होतं, नाव त्याचं स्टील-लॉक्स. लॉकं चोरा! (हशा) जुन्या टेबलाच्या नावावरची लॉकं काढून नव्याच्या नावावर करायची. पण नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमला हे चालत नव्हतं. तिथे मालकाची ओळख सर्व्हरकडेही गेलेली असते, इकडे नाव बदलून तिकडे बदलत नाही. म्हणून ते फंक्शन काढून टाकलं. थ्रेडवाल्या प्रोग्रामांना धक्का लागणार नाही असा अंदाज होता. तो चुकला, आणि अडचण वर्षानुवर्षं तशीच राहिली. शेवटी २०२०च्या डिसेंबरात एरिक बीडरमन यांनी टेबल वेगळं करायची जागाच बदलली. आधी बाकीचे थ्रेड संपवायचे, मग टेबल बघायचं. तोवर वाटेकरी उरलेला नसतो, म्हणून प्रत काढावी लागत नाही आणि पत्ता तोच राहतो.

मला या दुरुस्तीत शहाणपण दिसतं. लॉकांच्या नोंदीला कुणी हात लावला नाही. मालक म्हणून ज्या वस्तूचं नाव लिहिलंय, ती वस्तूच टिकवून धरली. पण टीकाकार म्हणून मी विचारेन, की इतकी वर्षं हे का चाललं? कारण मानकात एक मालक आणि नोंदीत दुसरा, आणि दोघांमधलं अंतर कुणाच्या रोजच्या नजरेत नव्हतं.

दुसरं उदाहरण. एक थ्रेड लॉक मागतोय, त्याच क्षणी दुसरा थ्रेड तोच डिस्क्रिप्टर बंद करतोय. क्लोजनं सगळी लॉकं काढली, आणि एक क्षणानं पहिल्या थ्रेडचं लॉक नोंदीत चढलं. आता हे लॉक काढणारं क्लोज होऊन गेलेलं आहे. म्हणून कर्नलमध्ये फेरतपासणी आहे. लॉक चढल्यावर तो पुन्हा टेबलात बघतो, की हा आकडा अजून त्याच फाइलकडे बोट दाखवतोय का? नसेल तर लॉक मागे घ्या. या फेरतपासणीतलीच एक फट २००८ साली बुजवावी लागली. पुढे २०२४मध्ये यान हॉर्न यांनी दाखवलं, की लॉक मागे घेण्याचं कामच कधीकधी नापास होऊ शकतं. सुरक्षेचं मॉड्यूल लॉक लावायला परवानगी देईल आणि काढायला नाकारेल, किंवा पट्टी मधोमध तोडायला मेमरी मिळणार नाही. मग ते लॉक अनाथ होऊन नोंदीत राहतं. प्रॉकमधली लॉकांची यादी वाचायला गेलं की कर्नल मोकळ्या केलेल्या मेमरीत डोकावतो. हे सुरक्षेचं भोक म्हणून नोंदलं गेलं.

दोन्ही उदाहरणांत मूळ एकच आहे. लॉक चढतं ते फाइलच्या नोंदीत, मालक राहतो प्रोसेसच्या टेबलात, आणि दोघांना जोडणारा धागा म्हणजे क्लोजच्या वेळी आठवणीनं केलेली साफसफाई. आठवण चुकली की संपलं.

पाटीवरचा आकडा

आता दुसऱ्या रकान्याकडे, प्रोसेसच्या क्रमांकाकडे. तुम्ही कर्नलला विचारलंत, की मला कोण अडवतंय, तर तो हा आकडा देतो. प्रॉकमधल्या लॉकांच्या यादीतही हाच दिसतो. लॉक अडकलं की प्रत्येक ॲडमिन आधी इथेच बघतो.

या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? पॉझिक्स लॉकच्या बाबतीत, एका मशीनवर, कंटेनर नसताना, बऱ्यापैकी. फ्लॉकच्या बाबतीत हा आकडा म्हणजे ज्या प्रोसेसनं लॉक लावलं तिचा क्रमांक. ती पुढे मेली आणि ओपन-नोंद तिच्या मुलाकडे राहिली, तर लॉक जिवंत असतं आणि पाटीवर मेलेल्या बापाचा क्रमांक असतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच असतं आणि जमीन नातू कसत असतो, तसंच हे. नोंद खोटी नाही, पण भेटायला गेलात तर दार कुणी उघडणार नाही.

कंटेनर आले आणि आणखी एक अडचण आली. एकाच प्रोसेसचा क्रमांक आत वेगळा आणि बाहेर वेगळा. मग उत्तर कुणाच्या नजरेतून द्यायचं? आजचा कर्नल विचारणाऱ्याच्या नजरेतून भाषांतर करून देतो. पण अडवणारी प्रोसेस तुमच्या कंटेनरमधून दिसतच नसेल, तर उत्तर येतं शून्य. म्हणजे कुणीतरी आहे, पण तुमच्या जगात नाही. आणि अडवणारा एनएफएसवरून, दुसऱ्या मशीनवरचा असेल, तर त्याच्या क्रमांकाला इथे अर्थच नाही.

म्हणजे जबाबदारीचं काम, जे प्रोसेस-मालकीच्या बाजूनं सांगायला होतं, तेही हळूहळू हातातून गेलं.

दुसरा मार्ग, आणि त्याची किंमत

२०१४ साली लिनक्सच्या ३.१५ आवृत्तीत जेफ लेटन यांनी नवी लॉकं आणली. आधी त्यांना फाइल-प्रायव्हेट लॉक म्हणत होते. ते नाव दिशाभूल करतं म्हणून बदललं आणि ओपन फाइल डिस्क्रिप्शन लॉक झालं. लोक ओएफडी लॉक म्हणतात. कल्पना साधी: बाइटांच्या पट्ट्या पॉझिक्सच्या, मालकी फ्लॉकची. मालकाच्या रकान्यात टेबलाचा पत्ता नाही, ओपन-नोंदीचा पत्ता.

लगेच काय सुधारलं बघा. प्रत्येक थ्रेडनं स्वतः फाइल ओपन केली की प्रत्येकाची मालकी वेगळी. ते एकमेकांना अडवू शकतात, आणि तेच तर हवं होतं. बॅकअपच्या लायब्ररीनं आपली ओपन-नोंद बंद केली तर तिचंच जाईल, तुमचं लॉक जागेवर राहील. माझ्या मते मालकीची खरी कसोटी ही आहे: लॉक मागणाऱ्या कोडच्या हातात मालक धरता आला पाहिजे, आणि त्याच्या स्वतःच्या कृतीशिवाय तो सुटता कामा नये. ओपन-नोंद हातात धरता येते. प्रोसेस धरता येत नाही, आपण तिच्या पोटात असतो.

पण टीका दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. ओएफडी लॉक काय गमावतं? एक, कोण अडवतंय असं विचारलं तर उत्तर येतं उणे एक. दोन, कर्नल इथे डेडलॉक शोधत नाही. पॉझिक्स लॉकमध्ये कायमची अडकणारी साखळी दिसली तर कर्नल एकाला एरर देऊन सोडवतो. ओएफडीत तो प्रयत्नच करत नाही. कारण समजून घ्या: डेडलॉक शोधायचा तर मालक थांबणारा पाहिजे. ‘अ’ थांबलाय ‘ब’साठी, ‘ब’ थांबलाय ‘अ’साठी. ओपन-नोंद कुणासाठी थांबत नाही. ती वस्तू आहे, थांबतात ते थ्रेड.

तर मग पॉझिक्स जिंकलं का? इथे मी पॉझिक्सचा वकील होणार नाही, कारण त्याचा डेडलॉक-शोधही अर्धवटच आहे. लिनक्स साखळीत दहा पायऱ्या जातो आणि थांबतो. शिवाय एका टेबलाचे अनेक वाटेकरी असतील तर एक थांबलाय म्हणजे सगळे थांबलेत असं नाही. त्यामुळे डेडलॉक नसतानाही एरर येऊ शकते आणि असताना सुटूही शकतो. जी सोय ओएफडीनं उघडपणे सोडली, ती पॉझिक्सकडे पूर्ण कधी नव्हतीच.

उणे एकाबद्दलही तेच म्हणेन. उणे एक हे उत्तर कामाचं नाही, पण प्रामाणिक आहे. ओपन-नोंद तीन प्रोसेसमध्ये वाटलेली असेल तर मालक म्हणून एकच क्रमांक द्यायचा कसा? ४.१४ आवृत्तीच्या आधी प्रॉकच्या यादीत पहिल्यांदा लॉक घेणाऱ्याचा क्रमांक दिसायचा. ती चूक मानून दुरुस्त केली. आणि ज्याला खरंच शोधायचंय त्याला वाट आहे. प्रॉकमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या एफडीइन्फो या डिरेक्टरीत प्रत्येक डिस्क्रिप्टरची माहिती असते, तिथे त्याच्यावरची लॉकंही दिसतात. सगळ्या प्रोसेस चाळल्या की ते लॉक धरून बसलेले सगळे सापडतात. उत्तर म्हणून एक आकडा न मिळता एक यादी मिळते, कारण खरं उत्तर यादीच आहे.

म्हणून माझा निष्कर्ष असा. ‘लॉक कुणाचं’ या प्रश्नात दोन प्रश्न लपलेले होते. हक्क कुणाचा, आणि जाब कुणाला विचारायचा. पॉझिक्सनं दोन्हींना एकच उत्तर दिलं आणि हक्काचा भाग बिघडला. लिनक्सनं नोंदीत दोन रकाने केले, पण दुसरा नुसती पाटी म्हणून ठेवला. ओएफडी लॉकनं हक्काचा रकाना दुरुस्त केला आणि जाबाचा रकाना कोरा सोडला. २०२४च्या पॉझिक्समध्ये आता ओएफडी लॉकं आली आहेत, म्हणजे मानकानंही दुसरा मालक मान्य केला. जुना नियम मात्र तसाच आहे आणि राहणार, कारण त्याच्यावर चालणारे प्रोग्राम मोडता येत नाहीत. तुमच्या प्रोग्राममध्ये कुठला मालक बसलाय, ते तुम्हालाच बघावं लागेल.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, आम्ही पायथनमध्ये लिहितो. आमच्याकडे कुठलं लॉक लागतं?

उत्तर: तुम्ही कुठलं फंक्शन बोलावता त्यावर आहे. पायथनच्या एफसीएनटीएल मॉड्यूलमध्ये फ्लॉक आहे, तो ओपन-नोंदीच्या मालकीचा. त्याच मॉड्यूलमध्ये लॉकएफ आहे, तो आतून पॉझिक्सचाच, म्हणजे क्लोजचा नियम लागू. नावं शेजारी शेजारी आहेत, मालक वेगळे. आणि लिनक्सवर साध्या डिस्कच्या फाइलवर या दोन जातींची लॉकं एकमेकांना ओळखत नाहीत. एका प्रोग्रामनं फ्लॉक लावलं आणि दुसऱ्यानं लॉकएफ, तर दोघांनाही मिळेल. एनएफएसवर मात्र लिनक्स क्लायंट फ्लॉकला आतून पट्टीचं लॉक करून पाठवतो, तिथे ते एकमेकांना अडवतात. म्हणून टीममध्ये आधी ठरवा, एका फाइलला एकच जात.

प्रश्न: फ्लॉक किंवा ओएफडी वापरलं तर फोर्कनंतर मुलाकडेही लॉक जातं म्हणालात. मग ते धोक्याचं नाही का?

उत्तर: आहे. मूल आणि बाप एकाच लॉकचे धनी होतात. मुलानं मुद्दाम अनलॉक केलं तर बापाचंही जातं. आणि मूल तो डिस्क्रिप्टर धरून बसलं, तर बाप मेला तरी लॉक सुटत नाही. मूल पुढे एक्झेक करणार असेल तर फाइल उघडतानाच क्लोज-ऑन-एक्झेकचा झेंडा लावा, तो डिस्क्रिप्टर आपोआप बंद होईल. मूल एक्झेक न करता चालणार असेल, तर तिथे स्वतः क्लोज करा, अनलॉक नको. हा फरक महत्त्वाचा आहे. क्लोज म्हणजे माझा वाटा सोडला. अनलॉक म्हणजे सगळ्यांचं सोडलं.

प्रश्न: मग मालक कळावा म्हणून लॉक फाइलमध्येच आपला प्रोसेस क्रमांक लिहून ठेवला तर?

उत्तर: माणसानं वाचायला लिहा, उपयोगी पडतं. पण त्या आकड्यावर प्रोग्रामनं निर्णय घेऊ नये. क्रमांक पुन्हा वापरले जातात. लिनक्समध्ये पूर्वापार मर्यादा ३२,७६८ची, गजबजलेल्या सर्व्हरवर ती फिरून यायला वेळ लागत नाही. क्रमांक जिवंत दिसला म्हणून ती तीच प्रोसेस असेल असं नाही. लॉक आहे की नाही, हे लॉक मागूनच ठरवा. कागदावरचं नाव फक्त कुणाला फोन करायचा ते कळण्यापुरतं.